नाव कोरलेली घागर

या, जरा जवळ सरकून बसा. दारातूनच हात हलवून निघायचं, सणाला फोनवर फुलांचं चित्र पाठवायचं, आणि म्हणायचं, मावशीची चौकशी केली. हे काय वागणं झालं? आता बसलाच आहात तर ऐका. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळे आता एकमेकांत मिसळून गेले. पण एक किरकोळ अर्ज, ज्याचा साधा गुन्हाही दाखल झाला नाही, तो काही मनातून जात नाही. आठवला की मान आपोआप खाली जाते.

मी तेव्हा रायपूरच्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. शिपायांची सकाळची गणती आटोपली होती, ठाण्याचा मुंशी नोंदींचा रोजनामचा लिहून राहिला होता, तेवढ्यात तात्यापारा मोहल्ल्यातले एक गृहस्थ आले. आमच्याच मराठी समाजातले, मोठ्या सरकारी पदावरून निवृत्त झालेले. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिली खुर्ची त्यांची. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही म्हणते.

शहरातल्या एका कलादालनात नवं प्रदर्शन लागलं होतं. शहराबाहेरच्या बीरगांवची एक तरुण पोट्टी, कारखान्यातल्या मराठी फिटरची मुलगी, तिचं ते पहिलंच प्रदर्शन. उद्घाटनाला समाजातले चार प्रतिष्ठित बोलावले होते, त्यात भाऊसाहेब होते. तिथं छताला तारांनी टांगलेल्या भांड्यांत त्यांना आपल्या आईची पितळी घागर आणि परात दिसली. आपल्याकडे लेकीच्या आंदणातल्या भांड्यावर तिचं नाव आणि माहेरचं गाव कोरून देतात, तुम्हाला माहीतच आहे. तेच नाव, तेच गाव. घागर घरून चोरीला गेली होती, आता चोर सापडला, पोरीला आत टाका, असं त्यांचं म्हणणं.

मी विचारलं, आईंना विचारलं काय? तर म्हणाले, आई वर्षभरापासून नागपूरला माझ्या बहिणीकडे आहे, तिला फोनवर ऐकू येत नाही. अर्ज ठेवून घेतला आणि एका महिला शिपायाला घेऊन मी कलादालनात गेले.

खरं सांगते, असलं काही मी पूर्वी पाहिलं नव्हतं. अंधारा हॉल, वरून लोंबणारी तांब्यापितळेची भांडी, हवेनं एकमेकांना लागून बारीक आवाज करणारी. भिंतीवर मोठा व्हिडिओ चाललेला. चेहरा कोणाचाच नाही, नुसते म्हाताऱ्या बायांचे हात, राखेनं भांडी घासणारे. मी जप्तीचा विचार करत उभी होते आणि एक हात ओळखीचा वाटला. मनगटावर हिरवं गोंदण, खाली वाकडं झालेलं बोट. या हातानं मला कितीदा हळदीकुंकू लावलं होतं, पुरणपोळी वाढली होती. भाऊसाहेबांच्या आईचा, आमच्या काकूंचा हात. आणि त्या भांड्यांच्या आवाजामागून एक भोंगा ऐकू आला, लांब, दोनदा तुटणारा. नागपूरला तो वाजत नाही. तो आपल्या बीरगांवला लागून असलेल्या उरल्याच्या कारखान्याचा, शिफ्ट बदलण्याचा.

पोट्टीला ठाण्यात आणलं. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. भांडी कुठून आणली? "मिली हैं।" कोणी दिली? "वो नहीं बता सकती, मैडम। वादा किया है।" मी कलम सांगितलं, हवालात दाखवली, प्रदर्शनाला आजच कुलूप लागेल म्हणून सांगितलं. तरी ती म्हणाली, "तो लगा दीजिए।"

इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकले होते. चोर धाक दाखवताच दुसऱ्याचं नाव घेतो. जो काही केल्या नाव घेत नाही, तो बहुतेक कोणालातरी झाकत असतो.

म्हाताऱ्या बाईमाणसाला बयानासाठी ठाण्यात बोलवत नाहीत, ती राहते तिथं जावं लागते. भाऊसाहेबांना म्हटलं, चला, एका साक्षीदाराचं बयान आहे, तुमच्यासमोर घेऊ. गाडीत बसल्यावर ते पोलिसांनी कसं कडक असलं पाहिजे ते सांगत होते. गाडी बीरगांवच्या रस्त्याला लागली आणि त्यांचं बोलणं थांबलं. तो भोंगा ऐकू येईल असा तिथं एकच वृद्धाश्रम होता, त्याच्या फाटकाशी त्यांनी रुमाल काढला. 

काकू खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. माझी वर्दी पाहिली, मागे लेक पाहिला, आणि त्यांना सगळं कळलं.

"पोट्टीले धरलं काय तुम्ही?"

मी म्हटलं, चौकशी चालू आहे, काकू.

त्यांनी लसणाची सालं पदरात गोळा केली. "मंग लिही बाई. चोरी मी केली. घागर अन् परात पोराच्या घरातून मीच उचलून आणली. त्याले काही माहीत नव्हतं. पोट्टीनं मागितली, मी देऊन टाकली. व्हिडिओत माझं तोंड नको दाखवू, ह्याची इज्जत जाईल, असं तिले बजावलं होतं. नाव घासून टाकायचं मात्र ध्यानात नाही राहिलं."

"काकू, घागरीवर तुमचंच नाव आहे. आपलीच वस्तू कोणी चोरते काय?"

"मले कायदा नको सांगू. पोट्टी सुटली पाहिजे अन् ह्याचं नाव खाली नाही पडलं पाहिजे. दोन्ही जमलं पाहिजे, तसं लिही."

 भाऊसाहेब भिंतीकडे पाहत होते. मग घसा खाकरून मला म्हणाले, "ताई, मी अर्ज मागे घेतो. उद्घाटनाला लोकांनी विचारलं, आई नागपूरला, मग तिची घागर इथं कशी? तोंडातून चोरीला गेली असं निघून गेलं. मग परत फिरता आलं नाही." हे सगळं मला सांगितलं. आईला एक शब्द नाही.

काकूंनीच विचारलं, "जेवून आला काय?"

ते नुसते बाहेर निघून गेले.

खोटी तक्रार म्हणून मी त्यांच्यावर कारवाई करू शकत होते. पण काकूंनी माझा हात धरून ठेवला होता. मी लिहिलं, अर्जदाराचा गैरसमज, वस्तू मालकिणीने राजीखुशीने दिलेल्या. ठाण्यात येऊन पोट्टीला सोडलं तर तिचा पहिला प्रश्न, "आजी को किसी ने कुछ कहा तो नहीं?" मला तिच्याकडे पाहवेना.

लाज कोणाची वाटते म्हणाल? एकट्या भाऊसाहेबांची नाही. काकू नागपूरला गेल्या, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि बरं झालं म्हणून मोकळे झालो. वर्षभर कोणी पत्ता मागितला नाही, मीसुद्धा नाही. घागर दिसली तेव्हा समाजातल्या चार जणांना काकू आठवल्या, आणि चौकशी केली ती घागरीची. माणूस हरवल्याची तक्रार त्याच्या घरच्यांनी करावी लागते. घरचेच गप्प राहिले तर ठाण्यात कागदच तयार होत नाही, हे मी शिकले ते निवृत्तीला आलेली असताना.

प्रदर्शन संपल्यावर घागर काकूंकडे परत गेली. मी जाते तेव्हा त्या तिच्यातलंच पाणी देतात, आणि माझ्या पाठीमागे फाटकाकडे बघतात, आणखी कोणी उतरलं काय म्हणून.

माझ्या आईची घागरही माझ्याकडे आहे, नाव अजून वाचता येते. रोज ताजं पाणी भरते. फोनवर चित्रं पाठवू नका. या, लवकर या, पाणी प्यायला तरी या.