सूटवाल्यांच्या लाउंजमधली ऑर्लीनबाई

गॅल्व्हेस्टन बेटावर, सहलीची मोठी जहाजं सुटतात त्या धक्क्यावर, ऑर्लीन थिबोडो अकरा वर्षं एकाच दारात उभी राहिली. त्याआधी तिने बेटावरच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं काढली होती. नवरा गेला, घर खायला उठलं, तेव्हा तिने इथे अर्ज टाकला. खालच्या मोठ्या हॉलमध्ये हजारो प्रवासी बाकांवर आणि रांगांत ताटकळत असायचे. वरच्या मजल्यावर जहाजावरचा सूट, म्हणजे महागडी ऐसपैस खोली, घेतलेल्यांसाठी वेगळं लाउंज होतं. पंचवीस-तीस मऊ खुर्च्या, कॉफीचं यंत्र, बोटभर सँडविच आणि सगळ्यांच्या आधी जहाजावर चढायचा मान. ऑर्लीनच्या हातात यादी असे. नाव यादीत असेल तरच आत.

प्रत्येक खेपेला कुणी ना कुणी तिला विचारायचंच, की बाई, खरं सांगा, या खोलीसाठी एवढे पैसे मोजण्यात काही अर्थ आहे का? तिचं उत्तर ठरलेलं होतं. खाली तुम्ही नंबर असता, इथे मी तुम्हाला नावाने हाक मारते. कॉफी दोन्हीकडे सारखीच वाईट. लोक हसायचे आणि खुर्चीत रेलायचे. ती ते नुसतं बोलायला बोलत नसे. वर्षभरापूर्वी येऊन गेलेल्या माणसाचंही नाव तिच्या तोंडात तयार असायचं.

एमिल ह्रुश्का तिला असाच लक्षात राहिला. एल कॅम्पो गावाकडचा, भाताच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात हयात घालवलेला चेक वंशाचा माणूस. बायको अल्बिनाचे गुडघे कामातून गेले होते, तिला रांगेत उभं राहवत नसे. केवळ तेवढ्यासाठी एमिल सूट घ्यायचा. शेजारीपाजारी त्याला वेड्यात काढत, की तासाभराच्या खुर्चीसाठी कुणी एवढं उधळतं का! तो म्हणायचा, "जहाज सगळ्यांना सारखंच हलतं. माझी बायको बसली, माझे पैसे फिटले." येताना तो खसखशीचं सारण भरलेल्या कोलाचेंचा, म्हणजे चेक गोड पावांचा, डबा आणायचा. लाउंजचे सँडविच त्याला पसंत नव्हते. अल्बिना अर्धे कोलाचे ऑर्लीनला द्यायची आणि दुसऱ्या कुणाला दाखवू नका म्हणायची.

अल्बिना गेली. पुढल्या जानेवारीत एमिल एकटाच आला, डबा घेऊन. त्याच्या पुढल्या वर्षीही आला. गुडघे तर त्याचे धड होते. मग सूट कशाला, असं ऑर्लीनने त्याला कधी विचारलं नाही. खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एकीत तो बसायचा आणि दुसरीवर टोपी ठेवायचा.

तो तिसऱ्यांदा एकटा आला तो दिवस धुक्याचा होता. जानेवारीत गॅल्व्हेस्टनच्या खाडीवर धुकं उतरतं तेव्हा समोरचा माणूस दिसत नाही. आत येणारं जहाज बाहेरच अडकलं. साडेदहाला येऊन साडेअकराला चढायचे प्रवासी तीन वाजले तरी बसून होते. तासाभरासाठी मांडलेली ती खोली साडेचार तासांत कोंडवाड्यासारखी झाली. सँडविच संपले, कॉफीचं यंत्र बंद पडलं, मोठ्या माणसांची मोठी मनं आंबायला लागली. याचसाठी जादा पैसे भरले का, हे ऑर्लीनने त्या दिवशी पंधरा जणांच्या तोंडून ऐकलं. तिचे पाय सुजून बुटांत मावेनात. एमिल तेवढा शांत होता. काचेबाहेर पांढऱ्या भिंतीखेरीज काही नव्हतं, तरी तिकडेच बघत होता. ती जवळून जाताना त्याने तिला थांबवलं.

"ऑर्लीन, खरं सांगू? इथूनच घरी जावंसं वाटतंय. चांगला भाग तर झाला."

"मग माझ्यासाठी तेवढा सूट ठेवून जा, मिस्टर एमिल," ती म्हणाली आणि पुढे गेली.

अखेर जहाज धक्क्याला लागून रिकामं झालं आणि साडेतीनला एकदम हुकूम सुटला, की चढवा. ऑर्लीनने लोकांचे तीन घोळके करून एकेक जहाजाच्या दारापर्यंत नेला. तिसरी फेरी संपवून ती परतली तेव्हा लाउंज रिकामं होतं. खिडकीजवळच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. टोपीही नव्हती. ती दारातच उभी राहिली. आतल्या बाजूला, पुरुषांच्या बाथरूमकडे, पाणी वाहत होतं. बारीक, पण सलग. तिने ते ऐकलं आणि मनाशी म्हटलं, वातानुकूलनाचं यंत्र असेल.

तेवढ्यात फोन वाजला. जहाजावरून विचारणा होती, की सूटमधला एक माणूस कमी आहे, ह्रुश्का.

"ते घरी परत गेले," ऑर्लीनने सांगितलं. "मला म्हणाले होते तसं."

पलीकडच्याने विचारलं, सगळीकडे बघितलंत ना?

"सगळीकडे."

तिने पिशवी उचलली, गाडीत बसल्याबसल्या बूट काढले आणि अनवाणी पायांनी गाडी चालवत घरी गेली. जहाज पावणेपाचला सुटलं. त्याचा भोंगा तिने स्वयंपाकघरात ऐकला.

साडेपाचला सफाईची मारिसेला वर गेली तेव्हा बाथरूमच्या दाराखालून पाणी गालिच्यावर आलं होतं. दार ढकललं तर उघडेना. आत एमिल दाराला टेकून पडला होता. जिवंत होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. नंतर डॉक्टर म्हणाले, की पहिल्या तास-दोन तासांत हाती लागले असते तर गोष्ट वेगळी होती.

हे सगळं ऑर्लीनला दोन दिवसांनी, पुढल्या जहाजाच्या वेळी मारिसेलाकडून कळलं. चौकशी झाली. ऑर्लीनने कागदावर लिहून दिलं, की प्रवाशाने घरी जाण्याचा विचार बोलून दाखवला होता. ते खरंच होतं. दोष कुणाचाच नाही असं ठरलं. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की मनाला लावून घेऊ नका. पाण्याचा आवाज ऐकला होता, हे कागदावर कुठेच नव्हतं.

पाणी मात्र तिच्या मागे लागलं. आधी घरी ऐकू आलं. तिने भाच्याला बोलावून सगळ्या नळांचे वायसर बदलून घेतले. मग घराचा मुख्य नळच बंद करून बसली, तरी ते वाहतच होतं. चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थनेला उभे राहिले की तिला पाणी ऐकू येई. लाउंजमधला गालिचा बदलला होता, तरी बाथरूमसमोरच्या हातभर जागेवर पाय पडला की तळवा ओला लागायचा. ती वळसा घालून जायला लागली. एकदा एका पाहुणीने विचारलं, इथे काही सांडलंय का? ऑर्लीन हो म्हणाली.

धुक्याच्या सकाळी तर हद्द व्हायची. दारातून बघितलं की खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर पिकलेल्या केसांचं डोकं दिसे. जवळ जावं तर कुणीच नसे, नाहीतर भलताच माणूस असे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घाबरे. शेवटी तिने मारिसेलाला विचारलं, तुला आत काही ऐकू येतं का?

"नाही हो, ऑर्लीनबाई," मारिसेला म्हणाली. मग तिने विचारलं, "का? त्या दिवशी तुम्हाला आलं होतं?"

ऑर्लीनने यादी उघडली आणि नावं वाचत बसली. मारिसेलाने पुन्हा तो विषय काढला नाही. पण तेव्हापासून ती ऑर्लीनच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही.

एप्रिलमध्ये लाउंजच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. एमिलची मुलगी डार्ला हिचं होतं. तिने लिहिलं होतं, की वडील एल कॅम्पोच्या शुश्रूषागृहात आहेत. उजवी बाजू लुळी पडली आहे, वाचा गेली आहे. फक्त एक शब्द उरला आहे. पाणी हवं असलं तरी तोच, दुखलं तरी तोच. डॉक्टर म्हणतात असं होतं कधीकधी, झटका आला त्या घटकेला जिभेवर असलेला शब्द तेवढा राहून जातो. तो शब्द म्हणजे 'ऑर्लीन'. आम्ही घरचे चक्रावून गेलो होतो. मग आईच्या जुन्या पत्रांत तुमचं नाव सापडलं. शेवटी त्यांच्याशी मायेनं बोलणाऱ्या तुम्हीच असणार. कधी जमलं तर भेटून जा, आम्हाला बरं वाटेल.

ऑर्लीनने पत्र तीनदा वाचलं. डार्लाला जे कळलं नव्हतं ते तिला पहिल्याच वाचनात कळलं. मायेनं बोलण्याचा यात काही संबंध नव्हता. बाथरूमच्या फरशीवर पडल्या पडल्या तो तिला हाक मारत होता.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी ती दोन तास गाडी चालवत एल कॅम्पोला गेली. डार्ला पन्नाशीची, उन्हाने रापलेली, मोकळी बाई होती. तिने ऑर्लीनला मिठीच मारली. नर्स हसत म्हणाली, आम्ही सगळ्याच इथे ऑर्लीन आहोत, खरी कोण ते आज बघायला मिळालं. एमिल खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा खिडकीकडे. ओळखलं की नाही कळेना.

"ऑर्लीन," तो खिडकीला म्हणाला.

"ओ, मिस्टर एमिल," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

तो पुन्हा म्हणाला. तिने पुन्हा ओ दिली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग तिने वाटीतला सफरचंदाचा शिजवलेला गर त्याला चमच्याने भरवला आणि त्याने सगळा खाल्ला. डार्ला दारात उभी राहून डोळे पुसत होती. ते डोळे बघितल्यावर ऑर्लीनला राहवेना. तिने तिला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. पाणी, फोन, आणि 'सगळीकडे' हा शब्द.

डार्लाने डोळे पुसणं थांबवलं आणि ती ऑर्लीनकडे वळली.

"पाणी ऐकू आलं, की त्यांची हाक?" तिने विचारलं.

"पाणी. हाक नाही. देवाशपथ, हाक नाही."

"तुम्ही आता जा," डार्ला म्हणाली.

परतीच्या वाटेवर ऑर्लीन तो क्षण पुन्हा पुन्हा आठवत राहिली. दार, रिकाम्या खुर्च्या, पाणी. पाण्याखाली आणखी काही होतं का? बेटाच्या पुलावर येईपर्यंत तिला ती शपथ पुन्हा घेववेना.

दुसऱ्या दिवशी तिने लाउंज सोडलं. खालच्या हॉलमध्ये द्या म्हणाली. साहेबांना नवल वाटलं, वरच्या जागेसाठी तर लोक वशिला लावतात. खाली कलकलाट, रडणारी मुलं, सांडलेली सरबतं. कुणाचं नाव कुणाला माहीत नाही. पण पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा रांगेत भोवळ येऊन पडला आणि तो जमिनीला टेकायच्या आत सहा हात पुढे आले. बाथरूमच्या दारात तर सतत रांगच असे, तिथे कुणी दोन मिनिटं जास्त लावली की लोक दार बडवत. ऑर्लीन ते बघत उभी राहिली. वर लाउंजमध्ये माणसानं पैसे मोजून विकत घेतलं होतं ते हेच तर, की आजूबाजूला कुणी नसावं. त्या दिवशी वर कुणी नव्हतं. होती ती फक्त ती एकटी.

तीन आठवड्यांनी डार्लाचा फोन आला. आवाज कोरडा होता. वडील जेवेनासे झालेत, तुम्ही आलात त्या दिवशी जेवले होते. माफ बिफ काही केलेलं नाही, पण ते हाक मारतात आणि ओ देणारं कुणी नाही.

मग ऑर्लीन दर मंगळवारी जायला लागली. उन्हाळा गेला, भातं कापून झाली, तरी तिचा मंगळवार चुकला नाही. डार्ला तिच्याशी कामापुरतं बोलायची, कॉफी मात्र न विचारता आणून ठेवायची. एमिल हाक मारायचा, ऑर्लीन ओ द्यायची, भरवायची, तोंड पुसायची. कधी तो तिचं नाव हलकं, गाण्यातल्यासारखं घ्यायचा, तेव्हा तिला हायसं वाटायचं. कधी घोगरं, घाईचं, दार बडवल्यासारखं घ्यायचा, तेव्हा ती भरवायचं थांबवून चमचा वाटीत ठेवायची. ही हाक आजची की तेव्हाची, हे तिला एकदाही ओळखता आलं नाही.

नोव्हेंबरात तो गेला. मधे एक आठवडा ऑर्लीन तापाने पडून होती, नेमक्या त्याच आठवड्यात. अंत्यविधीला ती शेवटच्या बाकावर बसली. चेक भाषेतली गाणी झाली, माती झाली, लोक हॉलमध्ये जेवायला वळले. ती गाडीकडे निघाली तेव्हा डार्ला मागून आली. दोघी गाडीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"शेवटच्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत," डार्ला म्हणाली. "तुमचं नावसुद्धा नाही."

एवढं बोलून ती परत फिरली. तिला दिलासा द्यायचा होता की शेवटचं तेवढंही काढून घ्यायचं होतं, हे ऑर्लीनला तिच्या पाठीवरून कळेना. हाक मारून विचारावं असं तिच्या फार मनात आलं. पण हाक न मारताच तिने गाडीचं दार उघडलं, आणि डार्ला हॉलच्या दारातून आत गेली.