सूर्याचं तोंड

दिवाळी सरली की लाभूबेन नवऱ्याबरोबर कच्छच्या रणात मीठ पिकवायला जायची. विहिरीतलं खारं पाणी उपसणारं डिझेलचं इंजिन यंदा गेलं आणि सोलरच्या प्लेटा आल्या. लाभूबेन त्या रोज भांड्यांसारख्या घासूनपुसून ठेवायची. तरी आठवड्याभरात भर उन्हात पंप धापा टाकू लागला.

“इंजिन बरं होतं,” नवरा मावजी करवादला. “बिघडलं की खोकून सांगायचं तरी.”

लाभूबेनने प्लेटवर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट! रोज ती मिठागरातल्याच पाण्याने पुसत होती, आणि काचेवर मिठाची साय धरली होती. तिने पिण्याच्या पिंपातून तांब्या भरला.

“अगं, टँकर परवा येणार! पिणार काय?” मावजी ओरडला.

“एक वेळ चहा नका पिऊ. हा सूर्य आपल्या आजोबांपासून मीठ वाळवतोय, आता पाणीही तोच उपसतोय. तोंड धुवायला तांब्याभर गोडं पाणी मागितलं, तर लगेच जीव जातो तुमचा!”

प्लेटा धुतल्या तसा पंप धो धो पाणी ओतू लागला. संध्याकाळी मावजी चहा मागायला आलाच नाही.