एका विमानाची पाच विमानं

त्या घरात नवरा-बायको दोघंही रडारवरच पोट भरायचे, फक्त एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी. नवरा टेकडीवरच्या केंद्रात रडारच्या पडद्यासमोर बसायचा. बायको खाली, धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या प्रयोगशाळेत, त्याच पडद्याला फसवणारे संकेत तयार करायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हा दिवसभर शोधतो, ती दिवसभर लपवते. आमच्याकडे किल्ल्या सापडत नाहीत ते काय उगाच?"

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही. आपलं काम ती सोपं करून सांगायची. रडार हाक मारतं. ती विमानावर आदळून परत येते. यायला किती वेळ लागला त्यावरून विमान किती लांब आहे ते कळतं. ताईची पेटी विमानाच्या पंखाखाली टांगलेली असायची. ती रडारची हाक झेलून साठवायची आणि जरा उशिराने तशीच परत सोडायची. रडारला वाटायचं, मागे अजून एक विमान आहे. त्या वर्षी ताईने त्याहून अवघड गोष्ट जमवली होती. हाका एका तालात येतात, म्हणून पुढची हाक कधी येणार ते ओळखून पेटी ती पोचायच्या आधीच उत्तर सोडायची. त्यामुळे खोटी विमानं खऱ्याच्या पुढे, म्हणजे रडारच्या जवळही दिसायची. किती पुढे आणि किती मागे, हे पेटी दर वेळी आपणच बदलायची, ताईलाही ते आधी कळायचं नाही.

चाचणीला छोटं विमान घेऊन एकटेच काका गेले. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने वैमानिक. थोड्याच वेळात टेकडीवरून नवऱ्याचा फोन आला.

"पाच दिसतायत, एकाच रेषेत. खरं कुठलं, काही कळत नाही. जिंकलीस बाई."

प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत डोंगरांवर ढग उतरायला लागले, अंदाजापेक्षा कितीतरी लवकर. काकांना परत बोलावलं, पेटी बंद करायला सांगितलं.

"बंद केली," रेडिओवर काका म्हणाले.

"अजून पाचच आहेत," नवरा म्हणाला.

काकांनी कळ पुन्हा दाबली, मग फ्यूज काढला. तरी पाचच. पेटीला वीज विमानाची नव्हती. तिच्या नाकाशी स्वतःचा छोटा पंखा होता, वाऱ्यावर फिरून वीज बनवणारा. बंद करायची तार कुठेतरी तुटली असणार. विमान उडतंय तोवर पेटी चालणार होती.

उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रं तेव्हा छोट्या विमानांत आलेली नव्हती. ढगात काकांना फक्त टेकडीवरून वाट सांगता येत होती. दोन डोंगरांमधल्या खिंडीशी नेमकं वळायचं होतं. दिशा कळत होती, पण अंतराला पाच उत्तरं होती, आणि त्यातल्या चारांवर विसंबून वळलं तर समोर खडक. दुसऱ्या धावपट्टीपर्यंत इंधन पुरलं नसतं.

"ऐक," ताई फोनवर म्हणाली, "हाकांचा ताल मोड. दोन हाकांमधलं अंतर बदलत राहा, कमी-जास्त, कसंही. पुढची खोटी विमानं अंदाजावर चालतात. अंदाज चुकला की ती विस्कटतील. मागची नाही हलणार. जे सगळ्यात जवळचं स्थिर राहील, ते काका."

"तालाचं बटण असं फिरवलं तर यंत्र बंद पडू शकतं. मग पडदाच काळा."

"आत्ता तरी त्याचा काय उपयोग आहे?"

तेवढ्यात रेडिओवर काका म्हणाले, "पोरांनो, काय ते लवकर ठरवा. मला पंखाचं टोकसुद्धा दिसत नाहीये."

"फिरवतोय," नवरा म्हणाला.

ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"पडदा थरथरतोय... पहिला ठिपका फुटला. दुसरापण फुटतोय. गेला! तिसरा... तिसरा जागेवर आहे."

"तोच."

"नक्की?"

"तोच रे. वळव त्यांना!"

तो काकांना वळण सांगत गेला. डावीकडे, अजून थोडं, आता सरळ, आता खाली. ताई खिडकीशी गेली. आधी आवाज आला, मग ढगातून चाकं खाली आली. विमान धावपट्टीवर एकदा उसळलं आणि टेकलं.

काका उतरले ते थेट गवतावर जाऊन बसले. ताई धावत गेली.

"पेटी झकास आहे तुझी," काका म्हणाले. "आता मला घटकाभर एकटं सोड."

घरी जेवताना दोघंही गप्प होते. सासूबाईंनी भांडण झालंय असं समजून मुलाकडेच डोळे वटारले. मागचं आवरताना नवऱ्याने हळूच विचारलं, "आणि तिसराही खोटा निघाला असता तर?"

"निघाला नसता," ती म्हणाली, आणि नळ सुरू ठेवूनच रडली. तो ताटं पुसत शेजारी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे साहेब पेटीच्या यशाचं कौतुक करायला आले. ताईने त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. चाचणीच्या प्रत्येक पेटीचा पंखा वैमानिकाला बसल्या जागेवरून एक दांडा ओढून अडवता आला पाहिजे, तोवर एकही उड्डाण नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. काम महिनाभर लांबलं. साहेब कुरकुरले, पण सही केली.

पुढच्या चाचणीला विमानात पुन्हा काकाच बसले. निघण्याआधी त्यांनी नवा दांडा दोनदा ओढून पाहिला, आणि मगच पट्टा आवळला.