पाण्यापायी चार मारामाऱ्या

पाण्यापायी मी आयुष्यात चार वेळा हात उचलला. पहिल्यांदा शेजाऱ्यावर, दुसऱ्यांदा टँकरच्या ड्रायव्हरवर आणि तिसऱ्यांदा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीवर. चौथी मारामारी अंदमानच्या समुद्रात झाली, तीही त्याच मुलीशी, आणि तिथे पाणी पाहिजे तेवढे होते.

माझा स्वभाव तापट आहे असे लोक म्हणतात. लोक सभ्य आहेत. माझा हात चालतो, हे खरे. आमच्याकडे असा माणूस ‘तोंडाने फटकळ पण मनाने चांगला’ म्हणून खपून जातो. मीही बरीच वर्षे खपलो.

दुष्काळाची ती वर्षे लागोपाठ आली. आमची कॉलनी फुलंब्री रस्त्याला, हर्सूलच्या पुढे. तिथे आधी ज्वारी व्हायची, मग प्लॉट पडले, मग आमच्यासारखे लोक राहायला आले. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन, शहरात कारखान्यात पाळीची नोकरी आणि स्वतःचे घर बांधल्याचा माज. कॉलनीला नळ यायचा होता. तो पुढे पुष्कळ वर्षे यायचाच होता. बोअरमधून पाण्याऐवजी गरम हवा यायला लागली तेव्हा टँकर सुरू झाला. तो आठ दिवसांनी यायचा, कधी दहा.

टँकर थांबला की बाप्ये वर चढायचे आणि आपापले पाइप टाकीच्या तोंडात खुपसायचे. ज्याचा पाइप तळाला टेकला त्याचे ड्रम भरले, ज्याचा वर राहिला त्याच्या वाट्याला गुळणा. मागच्या गल्लीतल्या एका कंपाउंडरने एकदा माझा पाइप वर ओढला आणि आपला खाली सारला. मी त्याच्या कपाळावर पाइपाचे लोखंडी टोक हाणले. तो टाकीवरून खाली, त्याच्या अंगावर मी, आणि आमच्या दोघांच्या अंगावर पाणी. बायका ओरडत होत्या. आमच्यासाठी नाही, सांडणाऱ्या पाण्यासाठी. त्याला टाके पडले. पुढे त्याच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढले आणि त्याने मला आग्रहाने जिलबी खायला घातली. असले वैर आमच्याकडे फार टिकत नाही.

दुसऱ्या वर्षी ड्रायव्हर आमच्या वाट्याचा टँकर पलीकडच्या नव्या इमारतीच्या बांधकामावर रिकामा करायला निघाला. त्या इमारतीच्या पाटीवर पोहण्याच्या निळ्या तलावाचे चित्र होते. मी त्याला केबिनमधून खाली ओढला आणि तोंडावर बुक्की मारली. त्याने जॅकचा दांडा माझ्या डाव्या हातावर घातला. ती दोन बोटे अजून पुरती मिटत नाहीत. टँकर मात्र आमच्याकडेच वळला, आणि कॉलनीने मला चहा पाजला. मारल्याने पाणी मिळते, हे मी त्या दिवशी पक्के शिकलो.

घरात पाण्याचे कायदे होते आणि कायदा मी होतो. दात घासायला एक पेला. भाज्या धुतलेले पाणी संडासात. सगळ्यात मोठा कायदा माझ्या वडिलांकडून आलेला होता: पाण्यात थुंकायचे नाही. गावाकडच्या आमच्या विहिरीत पोहताना कुणी चुकून थुंकला तर वडील त्याला कान धरून वर काढायचे आणि पायऱ्यांवर उठाबशा काढायला लावायचे. मुलगी सहा वर्षांची असताना मी तिला त्याच विहिरीत पोहायला शिकवले होते, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आठ दिवसांत तिने डबा सोडला. तिला वर तरंगण्यापेक्षा खाली जायला आवडायचे. डोळे उघडे ठेवून ती तळापर्यंत जायची आणि मुठीत गाळ घेऊन वर यायची, पुरावा म्हणून. पुढे विहीर आटली आणि ते सगळे थांबले.

त्या उन्हाळ्यात टँकर दहा दिवसांनी आला होता. अंगणात वाळूजच्या कारखान्यातून भंगारात आलेला आमचा निळा ड्रम काठोकाठ भरलेला. मी पहिल्या पाळीहून आलो तर ड्रमच्या बाजूने पाणी ओघळून तुळशीपर्यंत गेलेले. झाकण खाली पडलेले. मी आत डोकावलो. मुलगी तळाशी उकिडवी बसली होती, शाळेच्या कपड्यांत, गाल फुगवून, आणि डोळे उघडे ठेवून खालून माझ्याकडे बघत होती. मला पाहून ती हसली. तिच्या नाकातून बुडबुडे आले.

दहा दिवसांचे पिण्याचे पाणी होते ते. मी तिला केसांना धरून वर काढले. तिचे गुडघे ड्रमच्या काठावर सोलले गेले. मग मी तिच्या कानाखाली मारली. एकदाच मारली असे मी पुढे पुष्कळ वर्षे सांगत आलो. ते खोटे आहे. बायकोने मधे पडून माझा हात दातांनी धरला तोवर चार-पाच झाल्या होत्या. मुलीच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार आली आणि तिच्या ओल्या शर्टावर पसरली. ती रडली नाही. मला तेव्हा त्याचाही राग आला.

डॉक्टरने कानाचा पडदा फाटल्याचे सांगितले. पडली, असे मी म्हणालो. डॉक्टरने माझ्याकडे बघितले आणि थेंब लिहून दिले. त्यानंतर मुलीने मला कधी उलट उत्तर दिले नाही, कधी काही मागितले नाही. पोरीला वळण लागले, असे मी नातेवाइकांत कौतुकाने सांगायचो. किती गाढव असावे माणसाने, त्याला काही माप?

मोठी झाल्यावर ती शिकायला पुण्याला गेली, तिथून मैत्रिणींबरोबर मालवणला. तिथे तिने तोंडात नळी धरून समुद्राच्या पाण्याखाली पाहिले आणि कॉलेज संपताच अंदमानात नोकरी धरली. समुद्री उद्यानातल्या एका बेटाजवळ पर्यटकांना पाण्यात उतरवायचे आणि प्रवाळ व मासे दाखवायचे. दिवाळीला ती यायची, तीन दिवस राहायची, आईशी बोलायची. माझ्याशी हवापाण्याचे बोलायची.

शेवटी बायकोच म्हणाली, “ड्रमचं तुमच्या मनात हाय का नाय? मंग तिथं जा अन् तोंडानं बोला. मी मेल्यावर ती या घरात पाय टाकंल का, तेवढं मला जितेपणी कळू द्या.” तिचे गुडघे गेलेले, तिला विमान नको होते. मी एकटा निघालो. मला एकच गोष्ट करायची होती. मुलीची माफी मागायची आणि ती देते का बघायचे.

पहिले दोन दिवस मी काही बोललो नाही. शेजाऱ्याचे कपाळ फोडायला मला दोन सेकंद लागले होते. इथे मी वाळूवर बसून नारळपाणी पीत होतो.

तिसऱ्या दिवशी ती मला सकाळच्या बोटीवर घेऊन गेली. बोटीत अजून सहा पर्यटक, एक नावाडी, आणि सिलिंडर पाठीला बांधून खोल जाणारे दोघे व त्यांना नेणारा एक शिक्षक. ते दोघे शिक्षकाबरोबर पाठीवर पडून धपकन पाण्यात गेले. मी मुलीला विचारले, “तू नाय जात खाली?”

“मी वरच्या वर असते,” ती म्हणाली. “खाली गेलं की डावा कान दुखतो. डॉक्टरनं सर्टिफिकेट नाय दिलं.”

समोरच्या माणसाचा डावा कान उजव्या हाताला बरोबर सापडतो. विहिरीच्या तळाचा गाळ आणणारी पोर आता आयुष्यभर वरच्या वर तरंगणार होती. ते मला कळले, आणि माफी मागायची ती हीच वेळ होती. त्याऐवजी मी जॅकेटवरून भांडण काढले. तिने सगळ्यांना तरंगायची जॅकेटे दिली, मी घेतले नाही.

“पप्पा, नियम हाय.”

“तुला पोहायला कुणी शिकवलं?” मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो. ती गप्प झाली. माझ्यापुढे गप्प व्हायची तिची सवय मीच लावलेली होती, आणि ती अजून मोडली नव्हती.

मग तिने काचेचे मास्क वाटले आणि सांगितले, काचेला आतून थुंका, बोटाने चोळा आणि समुद्रात विसळा, म्हणजे वाफ धरत नाही. बाकीचे सहा जण हसत हसत थुंकले. मला ते बघवेना. पाण्यात घालायच्या वस्तूत थुंकायचे, आणि वर ती पाण्यातच विसळायची. मी पाठ फिरवली, रुमालाने काच पुसली आणि थुंकल्याचे नाटक करून उतरलो.

पहिली पाच मिनिटे मी खाली जे पाहिले त्याला लोक सुंदर म्हणतात. मला ती टँकरची गर्दी दिसली. हिरवे मोठे मासे दातांनी प्रवाळ फोडून खात होते आणि त्याचा कटकट आवाज कानात येत होता. एका कपारीतून सापासारखी जाडजूड वाम बाहेर आली, तिने चमकणाऱ्या घोळक्यातला एक मासा मधोमध तोडला, आणि उरलेला अर्धा दुसऱ्यांनी पळवला. कुणी कुणाची गय करत नव्हते. मला गंमत वाटली. मी त्यांच्या मागे मागे गेलो, बोटीपासून बराच लांब.

मग काचेवर वाफ धरली. आधी कडेने, मग सगळीकडून. समोर नुसता पांढरा उजेड. मी पाण्यातच मास्क वर केला, खारे पाणी नाकात शिरले, ठसका लागला, नळी सुटली, आणि पुढचा श्वास सगळा पाण्याचा आला. विहिरीत दमलेला माणूस हात लांब करतो आणि कडेचा दगड धरतो. मी हात लांब केला. कड नव्हती. मी दुसरीकडे हात टाकला. तिथेही नव्हती. इतक्या वर्षांत मला समुद्राला कड नसते हे ठाऊक नव्हते असे नाही, पण हाताला ते ठाऊक नव्हते. मी पाय खाली मारले. पायाखाली प्रवाळाचा वर आलेला फाटा लागला, कडकन मोडला आणि पोटरी चिरत गेला. मी पुन्हा लाथ मारली, पुन्हा मोडला.

कुणीतरी मागून माझी बगल धरली. मी वळून मारले. कोपर कशावर तरी मऊ बसले. मग मी त्या माणसाच्या खांद्यावर चढलो, डोके दोन्ही हातांनी खाली दाबले आणि त्याच्यावर उभे राहून हवा घेतली. माझ्या मुठीत केस होते. ते कुणाचे केस होते ते मला कळले होते. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेले नाही. कळूनही मी दाबत होतो.

तिने माझे हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. ती खाली गेली. सरळ खाली, जिथे जायची तिला मनाई होती तिथे, आणि बुडणारा माणूस खोल जाणाऱ्याला धरून राहत नाही म्हणून माझी मूठ आपोआप सुटली. ती माझ्या मागून वर आली, हनुवटीखाली हात घालून माझी मान आवळली आणि मला उताणा ओढत बोटीकडे नेले. मी तिच्या हातावर बोचकारत होतो. तिने मान इतकी आवळली की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे मी शांत झालो.

नावाड्याने मला वर खेचले. मी ओकलो. पोटरीतून रक्त चालले होते. ती शिडीने वर आली आणि माझ्यासमोर बसली. तिच्या नाकातून रक्त येत होते आणि एक तळहात डाव्या कानावर गच्च दाबलेला होता. बाकीचे लोक लांब पाण्यात मासे बघत होते, त्यांना काही पत्ता नव्हता.

“दुखतंय का?” मी विचारले.

“दुखतंय.”

“मला माफ कर.”

तिने रक्त पुसले. “आजचं सोडा, पप्पा. बुडणारा माणूस समोर येईल त्याला मारतो. आम्हाला ते आधीच शिकवतात. त्याचा राग धरायचा नसतो.”

मी विचारले, “आन् ड्रमच्या दिवशीचं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षे ती माझ्याकडे अशी सरळ बघत नव्हती.

“त्या दिवशी तुम्ही बुडत नव्हता,” ती म्हणाली.

दुष्काळ, टँकर, पाळी, दहा दिवसांचे पाणी, सगळे माझ्या तोंडाशी आले. ते सगळे खरे होते आणि मी ते पुष्कळदा म्हणून झालेले होते.

“नव्हतो,” मी म्हणालो.

तिने कानावरचा हात काढला, तळहात बघितला, आणि उठून पाण्यातल्या लोकांना परत बोलवायला शिट्टी वाजवली.