कर्टिस फ्रीझनची सुटका

कर्टिस फ्रीझन कॅनडातल्या विनिपेगला पीएचडी करायला आला तेव्हा डोक्यावर दाट केस होते. आता प्रबंध लिहून तयार होता, केस मात्र निम्म्यावर आले होते. विषय भारी होता. रुग्णाला घालायच्या लघवीच्या नळीला असा लेप द्यायचा, की कुठल्याही औषधाला न जुमानणारे जंतू तिच्यावर ठाण मांडून बसणार नाहीत. जंतू हटायला लागले होते, पण त्याचे मार्गदर्शक प्रोफेसर हॅवरस्टॉक काही कर्टिसला हलू देत नव्हते.

कारण सरळ होतं. तो लेप नळीवर सारखा बसवायचा हात अख्ख्या प्रयोगशाळेत एकट्या कर्टिसचा. ‘तुझ्या जागी कोणी येऊ दे, लगेच तुझी तोंडी परीक्षा लावतो,’ प्रोफेसर म्हणायचे. पण येणार कोण डोंबल? दर मार्चमध्ये नवे उमेदवार विभाग बघायला येत, आणि रिवाजाप्रमाणे दुपारचं जेवण त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांबरोबर घ्यायचं, प्राध्यापकांना तिथं मज्जाव. खरं काय ते तिथं सांगायचं असतं. कर्टिस इमानेइतबारे खरं सांगत आला होता, आणि त्याचीच फळं भोगत होता.

रविवारी स्टाइनबाखला घरी गेला की आई सॉसेज वाढता वाढता विचारायची, ‘संपली का रे तुझी शाळा? एर्ना पेनरचा मुलगा तुझ्या मागून गेला आणि दातांचा डॉक्टर होऊन बसलासुद्धा.’ घास कडू व्हायचा बिचाऱ्याचा.

यंदा त्याने ठरवलं, पुरे झालं सत्य.

यंदा ओडेट नावाची हुशार मुलगी आली होती. प्राध्यापक निघून गेल्यावर तिने चिकनचा तुकडा मध-शेपूच्या चटणीत बुडवला आणि विचारलं, ‘खरं सांग, हॅवरस्टॉक माणूस कसा आहे?’

‘देवमाणूस.’

‘सुट्टी देतात?’

‘मागायची खोटी.’

‘मग तू इतकी वर्षं इथं काय करतोयस?’

शेजारचा मुलगा उगाच खोकला. पण कर्टिस आता माघार कसली घेणार? ‘इतकं चांगलं वातावरण सोडून जायचं जिवावर येतं गं,’ तो म्हणाला.

‘मला त्या लेपातलं ओ की ठो कळत नाही.’

‘मी शिकवेन ना.’

ओडेटने होकार कळवला. प्रोफेसरांनी कर्टिसला बोलावलं, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आणि आईला आधीच फोन करून तो गेला. खोलीत ओडेटही बसली होती.

‘शाब्बास,’ प्रोफेसर म्हणाले. ‘हिला आणखी दोन ठिकाणी बोलावणं होतं. तरी इथंच का आलीस, सांग याला.’

‘तिथले सगळे सुटायच्या घाईत होते,’ ओडेट म्हणाली. ‘जायचंच नाही असा तू एकटाच भेटलास. म्हटलं, हा नीट शिकवेल.’

‘मीही म्हटलं, मग कसली आलीय घाई,’ प्रोफेसर म्हणाले. ‘परीक्षेचं काय, हिचा हात बसला की बघू.’

‘थांबशील ना?’ ओडेटने विचारलं. तिच्या डोळ्यांत इतका भरवसा होता, की कर्टिसच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं.