सुनंदावहिनींच्या वाट्याची गोळी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बेसमेंटमध्ये सामान साठतं तसे ते साठत जातात आणि एक दिवस खाली पाय ठेवायला जागा उरत नाही. माझ्याकडचा मोठा साठा आमच्या रविवारच्या कंपूचा. फोन अजून घडीचे होते तेव्हाची गोष्ट. मिसिसागातली बाकीची मराठी मंडळी रविवारी क्रिकेट खेळायची, नाटकाच्या तालमी करायची. आम्ही तिघं जवळच्या वॉन गावात, गोदामांच्या मागे एका शूटिंग क्लबात जायचो. मी, जोशी आणि विनू सबनीस.

विनू नागपूरचा. मोठ्या इमारतींच्या एअर कंडिशनिंगचा इंजिनिअर, अंगानं माझ्या निम्मा. त्यानं घेतलं ते मात्र दुकानातलं सगळ्यात दांडगं रिव्हॉल्व्हर. एरवी रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या मावतात, ह्यात पाचच, कारण एकेक गोळी खारकेपेक्षा जाड! अस्वल अंगावर आलं तर उपयोगी पडतं, असं दुकानदार म्हणाला होता. आमचा विनू बाल्कनीतलं कबूतरसुद्धा हाकलत नसे.

*

लायसन्सच्या अर्जावर बायकोची सही लागायची. सुनंदावहिनींनी पेन हातात घेऊन विचारलं, शिकार कशाची करणार? क्लबात नुसते कागदावर नेम मारतात, असं विनूनं सांगितलं. वहिनींचा चेहरा पडला.

"मला वाटलं खारींसाठी घेताय," त्या म्हणाल्या. "टोमॅटो ठेवत नाहीत मेल्या. त्यासाठी मी दोन सह्या केल्या असत्या."

*

रिव्हॉल्व्हर कुलपात ठेवून घरून थेट क्लबात आणि क्लबातून थेट घरी न्यायचं, वाटेत उगाच कुठे थांबायचं नाही, असा नियम. एकदा परतताना वहिनींचा फोन आला, येताना कोथिंबीर आणा. ग्रोसरीचं दुकान रस्त्यातच होतं. विनू त्याच्यासमोरून गाडी न थांबवता घरी गेला, रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवलं आणि पुन्हा कोथिंबीर आणायला बाहेर पडला. तोवर पाहुणे बिनकोथिंबिरीच्या आमटीवर बसलेले.

त्या दिवसापासून वहिनी रिव्हॉल्व्हरला 'धाकटी' म्हणू लागल्या. मी फोन केला की आधी विचारायच्या, "भाऊजी, आज धाकटीला फिरवायला नेताय ना?"

*

खंडेनवमीला विनूनं धाकटीची पूजा केली. नागपूरला त्याच्या घरी शस्त्रं नव्हतीच, वडील पट्टी आणि कंपास पुजायचे. इथे खरं शस्त्र मिळाल्यावर त्यानं हळद-कुंकवात हात आखडता घेतला नाही. पुढच्या रविवारी क्लबातल्या गॅरीनं तपासायला हातात घेतलं, तर त्याची बोटं लाल. गॅरी आमचा रेंज ऑफिसर, म्हणजे तिथली शिस्त सांभाळणारा. त्यानं ती बोटं विनूसमोर धरली. मग विनूनं त्याला बराच वेळ खंडेनवमी समजावून सांगितली.

गॅरीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळं पुसायला लावलं. पुढच्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली तसा तो आपलं जुनं पिस्तूल घेऊन विनूकडे आला. म्हणाला, हल्ली डावीकडे मारतंय, तुमचं ते लाल काहीतरी ह्यालाही लावता येईल का?

*

एवढं मोठं धूड कशाला, असं आम्हाला मराठी मंडळात सगळे विचारायचे. सांगून कळत नसे. चाप ओढला की छातीवर थाप बसते, हात कपाळापर्यंत वर जातात, छतावरची धूळ खाली येते. आणि मग माणूस हसतो. हे मी कितीदा पाहिलंय. पहिलवान असो की प्राध्यापक, पहिली गोळी झाडून झाली की लहान पोरासारखा हसतो.

मंदीत जोशीची नोकरी गेली, तेव्हा तो महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हता. विनूनं त्याच्या हातात धाकटी दिली. गोळी सुटली, जोशी हसला, आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून रडला. "त्या एका सेकंदात मॉर्गेज नसतं नं बाप्पा, बॉस नसतो, काहीच नसतं," विनू मला हळूच म्हणाला.

त्या हसण्याचंच विनूला वेड होतं. दर रविवारी तो पाच गोळ्या काढायचा. एक स्वतः झाडायचा, तीन वाटायचा. रेंजवर शेजारच्या लेनमध्ये कुणी अनोळखी उभा असला तरी त्याला सोडायचा नाही. पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसा पुढे व्हायचा, "प्लीज, वन ओन्ली." घरी शेजाऱ्यांना पुरणपोळी वाढतानाही त्याचं हेच वाक्य असायचं. त्याची मुलगी केतकी कपाळाला हात लावायची. "डॅड, यू आर फीडिंग पीपल बुलेट्स."

पाचवी मात्र तो कुणाला देत नसे. खिशात टाकायचा. "ही सुनंदाची."

*

सुनंदावहिनी काही आल्या नाहीत. नाही असंही कधी म्हणाल्या नाहीत. केतकीची परीक्षा होऊ दे, थंडी सरू दे, दिवाळी आटपू दे. विनू दर शनिवारी विचारायचा आणि त्या म्हणायच्या, "येईन हो, पुढच्या रविवारी." आम्हालाही ती गंमतच वाटायची. आता वाटतं, कुणीतरी त्यांना एकदा ओढून न्यायला हवं होतं.

एका फेब्रुवारीत विनू ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बाहेर गेला आणि फावड्यावरच कोसळला. अँब्युलन्स वेळेत आली, पण त्याचा उपयोग झाला नाही. त्याच्यासारखा मित्र मला ह्या देशात पुन्हा मिळाला नाही.

लायसन्स वहिनींकडे नव्हतं, म्हणून धाकटी रीतसर माझ्या नावावर झाली. ती घ्यायला गेलो तेव्हा वहिनींनी माझ्यासमोर कपाट उघडलं. मागच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा होता, आपण चिवडा ठेवतो तसला. मला वाटायचं, विनू तीच पाचवी गोळी पुन्हा पुन्हा आणतो. झाकण काढलं तर डबा काठोकाठ भरलेला. वहिनींनी त्यातली एक गोळी उचलून तळहातावर घेतली.

"भाऊजी, ह्या रविवारी मला न्या," त्या म्हणाल्या.

नेलं. गॅरीनं स्वतः त्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. मी डब्यातली एकच गोळी भरली आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. विनूपेक्षाही त्या ठेंगण्या. चाप ओढला, हात वर गेले, धूळ खाली आली. वहिनी हसल्या. हसायचं नव्हतं तरी हसल्या, आणि डोळे गळत असतानाही त्यांचं हसू थांबेना.

मग त्यांनी धाकटी जपून माझ्या हातात दिली. डोळे पुसले, डबा उचलला आणि झाकण काढून शेजारच्या लेनमधल्या एका दाढीवाल्या, अनोळखी, धिप्पाड माणसासमोर धरला.

"प्लीज," त्या म्हणाल्या, "वन ओन्ली."