भाऊंचं नसलेलं गाणं

आमचे हे सोफे भरतात. लोकांचे खचलेले सोफे, फाटलेल्या खुर्च्या उसवायच्या, आतला स्पंज बदलायचा आणि नवं कापड ताणून ठोकायचं. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली पट्टी. एक सोफा आत घेतला की ह्यांना त्याच्यावरून चढून बाहेर यावं लागतं. काम करताना तोंडात बारीक खिळे धरलेले, त्यामुळे बोलणं बंद. ओठ मिटून गुणगुणणं मात्र चालू. गिऱ्हाइकांना वाटतं, किती शांत मनुष्य! शांत कसला, तोंड मोकळं नाही म्हणून गप्प.

गुणगुणायचे ते भाऊंची गाणी. भाऊ गाणी स्वतः लिहायचे, स्वतः चाली लावायचे आणि पेटी पुढ्यात घेऊन स्वतःच गायचे. ह्यांचा त्यांच्यावर एवढा जीव की लग्न झाल्यावर बरेच दिवस मला वाटायचं, आपल्याला एक थोरले दीर आहेत आणि ते काही आपल्याकडे फिरकत नाहीत. एकदा भाऊंची आरामखुर्ची भरायला ह्यांना त्यांच्या घरी बोलावलं. काम दुपारभराचं, ह्यांनी आठवडाभर पुरवलं. तेवढीच ह्यांची कमाई, बाकी सगळं पोटापाण्याचं.

भाऊ गेल्यापासून दरवर्षी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचे चाहते जमतात. प्रत्येकाने भाऊंची एक आठवण सांगायची आणि आपलं आवडतं गाणं म्हणायचं. एकाने म्हटलेलं गाणं दुसऱ्याने म्हणायचं नाही, हा वाचनालयाच्या चिटणीसांचा नियम. चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तरी कोण ते मान वळवून बघतात.

एका वर्षी ह्यांची पाळी अगदी शेवटी आली. तोवर मंडळींनी भाऊंच्या गाण्यांचा फडशा पाडला होता. ह्यांनी आरामखुर्चीची आठवण सांगितली आणि नुसतेच उभे राहिले. कान लाल झालेले. मग डोळे मिटून जे सुरू केलं, ते ऐकून माझ्या हातातला चहा साडीवर सांडला. ते गाणं भाऊंचं नव्हतंच. ह्यांचं होतं, आणि खरं म्हणजे माझं होतं.

झालं होतं असं की लग्नानंतर एकदा भांडून मी माहेरी गेले होते. हे न्यायला आले ते हात हलवत, आणि दारातच, माझ्या आईदेखत, गायला लागले. ‘दाराला कडी नाही लावली, तू आपली सावकाश ये.’ शेवटच्या ओळीला आवाज हळूहळू खाली उतरायचा, इतका की शेवटचा शब्द जवळ उभ्या माणसालाच ऐकू यावा. जवळ मी उभी होते. आई म्हणाली, “जा बाई लवकर, नाहीतर दुसरं कडवं म्हणतील!” मी पिशवी भरली.

तेच गाणं हॉलमध्ये संपलं. चिटणीसांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“हे कुठेच ऐकलेलं नाही. म्हणजे खुर्ची भरत होतात तेव्हा भाऊंनी तुमच्यासमोर रचलं?”

ह्यांच्याकडे जन्मात कुणी असं पाहिलं नव्हतं. ह्यांनी मान डोलावली. तेवढ्यानेच घात झाला.

गाणं गावभर झालं. लग्नात म्हणू लागले, शाळेत बसवलं, कुणाच्याही खिशात फोन वाजला की मी दचकायची. चिटणीसांनी तर त्यावर भाषण ठोकलं. म्हणाले, “यातली ‘तू’ म्हणजे मृत्यू. भाऊंनी मृत्यूला बोलावलंय.” मृत्यू कसला डोंबलाचा! मी होते, कपड्यांची पिशवी घेऊन. मला चिटणीसांचा राग आला, ह्यांचा आला आणि खोटं कशाला बोलू, गेलेल्या भाऊंचाही आला.

“सांगून टाका ना,” मी म्हणायची.

“सांगतो गं. कळलं की हसतील तरी, नाहीतर मारतील तरी.”

“माझं गाणं आहे ते. मला परत हवंय.”

यावर हे तोंडात खिळे टाकायचे आणि खुर्चीखाली डोकं घालायचे. गुणगुणणंही थांबलं होतं. दुकानात नुसती हातोडीची ठकठक.

यंदा मात्र ह्यांनी शब्द दिला. इस्त्रीचा शर्ट घातला, वाटेत वाक्य घोकलं. “गाणं माझं आहे, माफ करा.” जिन्यात भाऊंची मुलगी भेटली. तिने ह्यांचे दोन्ही हात धरले.

“काका, शेवटी शेवटी बाबांना काही सुचायचं नाही. पेटी उघडायचे आणि रडायचे. आई म्हणायची, आतून संपले ते. तुमच्यामुळे कळलं, नव्हते संपले. आई आता हेच लावून झोपते.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या कठड्याकडे पाहायला लागले.

हॉलमध्ये पाळी आली तसे हे उठले आणि गाणंच म्हणाले. शेवटची ओळ खाली उतरू लागली तसा चिटणीसांनी हात वर केला.

“जरा थांबा. तुम्ही ही ओळ पाडता. मी मागेही सांगणार होतो. इथे भाऊंनी आवाज वरच नेला असता. त्यांचा स्वभाव बघा ना!”

हॉलमधल्या माना डोलल्या. भाऊंच्या मुलीचीही.

“बरोबर आहे,” हे म्हणाले. “माझंच चुकत होतं.”

आणि ओळ वर नेली. खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती म्हणून मीही वाजवल्या.

घरी येताना रस्ता मोकळा बघून मी म्हटलं, “अहो, एकदा आपलं म्हणा ना. पहिल्यासारखं.”

ह्यांनी घसा साफ केला. सुरुवात छान झाली. शेवटच्या ओळीला आवाज वर गेला. हे थांबले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा वरच गेला.

“खाली कसा जायचा गं तो?” ह्यांनी मला विचारलं.

मला गाता येत नाही.